म्हाळसेला पट्टे बसवले

प्रिय अहो,

उभ्या संसारात तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही, मग आता पत्राच्या मायन्यात कशाला मारू? 'अहो' म्हटलं की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बघायचात. तसेच बघा आता. जे सांगणार आहे ते तुम्हाला मुळीच आवडणार नाही.

म्हाळसेला मी भोकं पाडली.

किती ते विचारू नका. तळाच्या पत्र्यात पाडली, दोन दारांमधल्या खांबांत पाडली, मागच्या काचेखालच्या फळीतही पाडली. चारी जागांना पट्टे बसवले. खरेखुरे, हळू ओढले की येणारे आणि झटका बसला की जागच्या जागी अडकणारे. तुमच्या मित्रांपैकी कुणी वर येऊन चुगली करायच्या आत मीच सांगून टाकते.

आजच का, असं विचाराल. आज भोगी आहे. तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापून झाल्या, भाजीत पावटा नाही म्हणून चरफडून झालं, गुळाच्या पोळ्यांचं सारण परातीत निवतंय. उद्या संक्रांत, आणि उद्या सकाळी मी म्हाळसेला घेऊन पानिपतला निघणार आहे. घेऊन म्हणजे चालवत! शेजारी मुक्ता असेल. तुम्ही गेल्यानंतरची ही पहिलीच फेरी. निघण्याआधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हटलं, नाहीतर रस्ताभर माझ्या कानाशी बसून राहाल.

तसे गेली तीन वर्षं बसलेलेच आहात म्हणा.

ती आपल्याकडे कशी आली, आठवतं? आपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. सरोजिनी नगरला एका निवृत्त डॉक्टरांच्या घरामागे ती उभी होती. चाकांत हवा नाही, मागच्या सीटवर मांजरीनं पिल्लं घातलेली. आपण बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो, आणि तुम्ही गाडी घेऊन आलात! सायीत हळद कालवावी तसा तिचा रंग. तुमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, त्यामुळे नाव ठेवलंत म्हाळसा. 'म्हणजे मी बाणाई का?' असं मी विचारलं, तर म्हणालात, 'तिला विचारून सांगतो.' मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. शेजारच्या मिश्राबाईंना वाटलं, माझ्या माहेरचं कुणीतरी गेलं.

मग सगळे रविवार तिचे झाले. तुम्ही तिच्याखाली पालथे, मी वर चहाचा कप धरून उभी, आणि मुक्ता आत बसून हॉर्न वाजवतेय. दिवे, काचा, दारांच्या मुठी, सगळं तिच्या जन्माच्या वेळचं शोधून आणलंत. एक साधा स्क्रू मिळवायला तुम्ही मेरठपर्यंत गेला होतात! 'हिच्यात नवं काही शिरलं तर ती हीच राहणार नाही,' असं म्हणायचात. माझ्या गुडघ्यात नवी वाटी बसवली तेव्हा मात्र तुम्हाला असा काही प्रश्न पडला नाही.

आणि मुक्तानं तरी काय शिकावं? पोर इंजिनीअर झाली आणि मानेसरला सीटबेल्ट तपासण्याच्या कामाला लागली. दिवसभर पट्टे ताणायचे, पुतळे आपटायचे आणि कुठलं हाड कुठे लागलं ते बघायचं. दर दिवाळीला ती तुमच्या मागे लागायची, 'बाबा, पुढे दोन तरी बसवू द्या.' आणि तुम्ही पेढा तोंडात टाकून म्हणायचात, 'मुक्ते, ही गाडी बनली तेव्हा पट्ट्याचा नियमच नव्हता. नियम पूर्वलक्षी प्रभावानं लागू होत नाही.'

'बाबा यार, मी नियमाचं बोलतच नाहीये,' ती म्हणायची. 'मी तुमच्या छातीचं बोलतेय.'

तुम्ही हसायचात. आयुष्यभर खात्यात बसून कुणाला काय लागू आहे आणि काय नाही याच्यावरच शेरे मारलेत ना! नियम आपल्याला लागू नाही म्हणजे धोकाही आपल्याला लागू नाही, असं तुम्ही मनोमन धरून चाललात. अहो, त्या फाटकातुटक्या रिक्षावाल्यालाही हे पटलं नसतं. हे तुमच्यासारख्या साहेबांनाच सुचू शकतं.

बरं, नियम लागू नाही तर नाही. पण नाक्यावरच्या पोलिसाशी हुज्जत घालायचीही तुम्हाला लाज वाटायची. म्हणून तुम्ही काय केलंत? पानिपतहून येताना सतरंज्यांच्या दुकानातून नवार आणलीत. पलंगाची नवार! ती काळी रंगवलीत, तिच्या एका टोकाला कुठली तरी जुनी बकल शिवलीत, आणि माझ्या हातात दिलीत. पोलीस दिसला की तुम्ही हळूच म्हणायचात, 'शैला, पट्टा!' मी ती खांद्यावरून ओढून घ्यायची आणि टोक मांडीखाली दाबून सरळ समोर बघत बसायची. सिग्नल ओलांडला की आपण दोघं किती हसायचो! एकदा धौला कुआँला तर पोलिसानं तुम्हाला सलाम ठोकला होता.

माझा खरा पट्टा वेगळाच होता.

तुमचा डावा हात. ब्रेकवर पाय गेला की तो हात माझ्या छातीवर आडवा. खड्डा असो, कुत्रं असो, लाल दिवा असो. लग्नानंतर पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी लाजून लाल झाले होते, मला काही वेगळंच वाटलं! पुढे मुक्तानं त्याला नाव दिलं, बाबांचं फाटक. आगगाडी आली की रेल्वेचं फाटक पडतं ना, तसं. मागच्या सीटवरून ओरडायची, 'फाटक पडलं! फाटक उघडलं!' ते एवढं अंगवळणी पडलं होतं तुमच्या, की एकदा मेट्रोत उभे असताना गाडी थांबली आणि तुमचा हात एका अनोळखी सरदारजींच्या पोटावर गेला. ते बिचारे म्हणाले, 'कोई बात नहीं जी.'

ती सकाळ मला लिहायची नाहीये. पण न लिहून पुढचं सांगता येणार नाही.

संक्रांतीला पानिपतला जायचं, काला अंबच्या स्मारकापुढे उभं राहायचं, गावोगावहून आलेल्या मराठी माणसांना तिळगूळ द्यायचा, आणि बाहेर तुमच्या त्या चार-पाच मित्रांच्या जुन्या गाड्यांशेजारी म्हाळसेला मिरवायचं. दर वर्षीचंच. मी म्हटलं होतं, धुकं ओसरू द्या. तुम्ही म्हणालात, 'हळू जाऊ.' आणि हळूच चाललो होतो, खोटं कशाला बोलू? मुरथलच्या अलीकडे पुढचं काही दिसेनासं झालं. पांढऱ्या चादरीत घुसल्यासारखं वाटत होतं. मी तुम्हाला अर्धी गुळाची पोळी दिली. तुम्ही ती डाव्या हातात धरून खात होतात. आपण कशावर बोलत होतो, ते मला आजही आठवत नाही. किती प्रयत्न करते!

उसानं भरलेली ट्रॉली रस्त्याच्या उजव्या कडेला, दुभाजकाला लागून उभी होती. दिवा नाही, फडकं नाही, काही नाही.

तुम्ही 'शैला' म्हणालात. ब्रेक किंचाळला. फाटक पडलं.

माझं गळ्याचं हाड मोडलं, बाकी काही नाही. तुम्हाला स्टिअरिंग छातीत लागलं. नवार माझ्या मांडीवर नीट घडी करून ठेवलेली होती, कारण एवढ्या धुक्यात पोलीस कुठला असायला?

दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला सगळे एकच वाक्य बोलले. 'त्यांच्या हातानं तुम्हाला वाचवलं.' पुण्याच्या वन्सं तर म्हणाल्या, 'स्वतःचा जीव देऊन वाचवलं गं तुला.' मी मान डोलवायची. आणि मनातून तुमचा इतका राग यायचा म्हणून सांगू! मला विचारलं होतंत का? कोण म्हणालं होतं तुम्हाला माझ्यासाठी जीव द्या म्हणून? मी मेथी निवडताना, पासबुक भरताना, केस विंचरतानासुद्धा कुणाच्या तरी त्यागावर जगतेय, असं ते जगणं झालं होतं. एक साधी डाळ करपली तरी वाटायचं, यासाठी का वाचवलं मला?

आणि तेव्हापासून तुमचा हात यायला लागला.

पहिल्यांदा कॅबमध्ये आला. द्वारकेच्या वळणावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि माझ्या छातीवर हात पडला. घड्याळाची गार साखळी गळ्याच्या हाडाला टेकली, जिथे मोडलं होतं तिथेच. तुपाचा आणि तिळाचा वास आला. मी शेजारी बघितलं, तर शेजारी माझी पर्स. मला भीती वाटायला हवी होती ना? मी घरी येऊन पोटभर रडले आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅब बोलावली.

कुणाला सांगितलं नाही. मुक्ताला तर नाहीच. पण मी मेट्रोनं जाणं सोडलं, कारण ती फार सभ्यपणे थांबते. ऑटो, कॅब, जो जास्त आडदांड चालवेल तो बरा! एखादा शहाणा ड्रायव्हर मिळाला की मला चुकल्यासारखं व्हायचं. मागच्या सीटवर बसायची. तिथले पट्टे तर आपल्याकडे सीटच्या कव्हरखाली गाडलेलेच असतात. आपली छोटी गाडी मी स्वतः चालवायची तेव्हा पट्टा लावावाच लागतो, आणि तेव्हा तुम्ही कधी आला नाहीत. एकदा मुक्ताच्या गाडीत पुढे बसले, तिनं सवयीनं माझा पट्टा लावला. गुडगावपर्यंत तिनं कितीदा ब्रेक मारला, पण तुम्ही नाही आलात. तेव्हा मला कळून चुकलं. पट्टा असला की तुम्ही येत नाही.

आता समजलं ना, मुक्तानं पट्ट्यांचं नाव काढलं की मी का अंगावर धावून जायची ते?

म्हाळसा मायापुरीला बग्गाजींच्या वर्कशॉपमध्ये होती. त्यांनी तुमच्यावरच्या मायेनं तिचं तोंड सरळ केलं, रेडिएटर बदलला आणि वर ताडपत्री टाकून ठेवली. मुक्ता म्हणाली, विकून टाकू. मी म्हणाले, मी मेल्यावर विक. ती म्हणाली, 'ठीक आहे आई, मग रस्त्यावर आणायची तर पट्टे लावून. त्याशिवाय मी तुला तिच्यात पायसुद्धा ठेवू देणार नाही.' डोळे तुमचे, आवाज माझा. मी तरी काय करणार? हो म्हटलं, पण मनात एक ठरवून.

बग्गाजींनी पट्टे समोर मांडले आणि म्हणाले, 'मैडम, सीट के फ्रेम में कस देते हैं. दिखेगा भी नहीं, कर्णिक साब की आत्मा भी ख़ुश.'

मुक्तानं पुढची सीट दोन्ही हातांनी धरली आणि वर उचलली. अहो, ती सरळ निघून हातात आली! नुसती दोन खाचांत अडकवलेली होती. 'बग्गा अंकल, सीट ही उड़ेगी तो बेल्ट किसको पकड़ेगा?' ती म्हणाली. 'माणूस आणि सीट दोघं मिळून काचेतून जातील.' मग तिनं गालिचा काढला, डांबराचा थर खरवडला आणि तळाच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो शिळ्या पापडात जावा तसा आरपार गेला. खालची फरशी दिसली. मी इतकी वर्षं त्या पत्र्यावर पाय ठेवून बसत होते!

तुम्ही तिचा एकेक मूळचा स्क्रू जपलात, आणि पायाखालून ती कुजत होती. तुम्हाला दिसलं नव्हतं, की दिसूनही गालिचा पुन्हा अंथरलात? हे मला आता कोण सांगणार?

मग काम सुरू झालं. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. त्याच्या खालून तळहाताएवढ्या, जाड पोलादी पट्ट्या, कोपरे घासून गोल केलेल्या, म्हणजे धक्क्यात त्यांच्या धारेनं पत्रा फाटू नये. बोल्ट साधे चालत नाहीत म्हणे, ते मुक्तानं मानेसरहून आणले. दारांमधला खांब वरून भक्कम दिसतो, पण आतून पोकळ निघाला. त्याच्या पोटातही जाड पट्टी बसवून जोडली, मगच खांद्याचा पट्टा वर टांगला. 'खांद्यापेक्षा खाली लावला तर धक्क्यात कणा दबतो,' ती म्हणाली. कमरेचा पट्टा पोटावर नाही, खुब्याच्या हाडांवर यायला हवा, हेही तिनं मला बसवून, हातानं दाखवून दिलं. मला वाटायचं पट्टा म्हणजे काय, दोन बोल्ट आवळले की झालं!

दुसऱ्या दिवशी ती समोरचा कप्पा रिकामा करायला बसली, आणि बग्गाजींच्या पोरांनी उचलून आत टाकलेली ती नवार तिच्या हातात आली.

तिला त्याबद्दल माहीतच नव्हतं, हो. आपण तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिनं ती उलगडली, बकल पाहिली, बकलेला हिसका दिला तशी शिवण उसवून बकल हातात आली. 'हे काय आहे?' तिनं विचारलं. मी सांगितलं. पोलीस, मांडी, सलाम, सगळं. ती आधी हसायला लागली. बग्गाजीही हसले. मग ती नवारीत तोंड घालून अशी रडली की वर्कशॉपमधली सगळी खटखट थांबली. तेराव्यापर्यंत जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती मुक्ता! 'मी रोज पट्टे ताणते आई,' एवढंच म्हणत होती. 'रोज ताणते ना मी.'

बग्गाजींनी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर मी मनातलं बोलून टाकलं. 'तीन पट्टे बसवा. पुढे डावीकडचा नको. ती माझी जागा आहे.'

मुक्ता म्हणाली, 'का?'

मी काहीबाही सांगितलं, गळ्याच्या हाडाला घासतो, श्वास कोंडतो. ती ऐकत राहिली. आणि मग तीन वर्षांत कुणाला न सांगितलेलं मी तिथं, त्या ग्रीसच्या वासात सांगितलं. फाटक अजून पडतं म्हणून. पट्टा लावला तर ते पडणार नाही म्हणून.

ती वेड्यासारखी बघेल असं वाटलं होतं. ती माझ्याशेजारी टायरवर बसली. मग म्हणाली, 'आई, हातानं कुणी वाचत नाही.'

'म्हणजे?'

'त्या क्षणी तुझं वजन हत्तीच्या पिल्लाएवढं झालं होतं. बाबांचा हात काय अडवणार? ट्रॉली उजवीकडे जास्त होती. धक्का त्यांच्या बाजूनं बसला, तुझ्या बाजूला नुसता ऊस होता. म्हणून तू वाचलीस.'

'आणि त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असते तर?'

तिनं खूप वेळ बोटांवरचं ग्रीस पुसलं. 'माहीत नाही, आई. कदाचित गाडी थोडी अजून वळली असती. कदाचित नसती. मला खरंच माहीत नाही.'

'तुला हे कधीपासून ठाऊक आहे?'

'पहिल्या दिवसापासून. गाडी बघितली तेव्हाच.'

'मग बोलली का नाहीस गं?'

'सगळे म्हणत होते बाबांच्या हातानं वाचवलं,' ती म्हणाली. 'तुझ्याकडे तेवढंच उरलं होतं.'

अहो, त्या रात्री काही मी झोपले नाही, ते सोडा. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्या फोटोकडे पाठ करून जेवले. तुमचा जीव गेला तो गेला, वर तो हात काही कामाचाही नव्हता? ज्या हातानं गाडी वळली असती तो तुम्ही माझ्या छातीवर आणून टाकलात? कशासाठी? उसापासून वाचवायला? आधी राग होता की माझ्यासाठी मेलात. आता राग आला की माझ्यासाठीही नाही, उगाचच मेलात. यातला कुठला राग जास्त वाईट, ते मला ठरवता येईना.

मग मी मुक्ताला सांगितलं, चारही पट्टे बसव. आणि म्हाळसा मी चालवणार.

मला तुमच्या जागेवर बसून बघायचं होतं. तुम्ही कधी बसू दिलं नाहीत ना! 'हिचा क्लच तुला झेपायचा नाही.' नवा गुडघा असूनही झेपला, कळवते. पहिल्या दिवशी चार वेळा बंद पडली, आमच्या सेक्टरभर हसं झालं. स्टिअरिंग नवं आहे. जुनं मला बघवलं नसतं, म्हणून बग्गाजींनी ते परस्पर कुठेतरी देऊन टाकलं. आणखी एक मूळचा नग गेला, त्याबद्दल मला रागावू नका.

परवा सकाळी मी आणि मुक्ता बाहेर पडलो. दोघींनी पट्टे लावले. मुक्तानं माझा ओढून बघितला, मी तिचा ओढून बघितला. ऊन चांगलं पडलं होतं. म्हाळसा ऐटीत चालली होती, लोक फोन काढून फोटो घेत होते, आणि मी एकदा हॉर्नही वाजवला. मुक्ता कित्येक दिवसांनी हसत होती.

बाजारापाशी एक ई-रिक्षा मागेपुढे न बघता आडवी घुसली.

मी ब्रेक दाबला. पट्टा छातीवर घट्ट आवळला. म्हाळसा थांबली, रिक्षा वाचली, रिक्षावाला 'अरे माताजी!' म्हणून निघूनही गेला. आणि मी बघितलं तर माझा डावा हात मुक्ताच्या छातीवर आडवा होता.

तिला पट्टा होता. मला माहीत होतं तिला पट्टा आहे, मीच ओढून बघितला होता! हात काही कामाचा नाही हेही मला माहीत होतं, तिच्याच तोंडून ऐकलं होतं. तरी गेला. मी पाठवला नव्हता. ब्रेकवरचा पाय मला कळला, ओरडलेलं मला कळलं, पण तो हात कधी सुटला ते नाही कळलं.

मुक्ता हळूच म्हणाली, 'आई, फाटक.'

मागे सगळे हॉर्न वाजवत होते. आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध तशाच बसून होतो. मी हात काढत नव्हते आणि ती काढायला सांगत नव्हती.

म्हणजे तुम्ही ठरवलं नव्हतंत. हेच मला कळायचं राहिलं होतं, अहो! तीन वर्षं मी तुमच्याशी भांडतेय, की तुम्ही माझा जीव निवडलात आणि मला विचारलं नाहीत. तुम्ही काहीच निवडलं नव्हतंत. ना त्याग, ना शौर्य, ना मूर्खपणा. ट्रॉली दिसायच्या आधीच तो हात निघाला असेल. कितीतरी वर्षांपूर्वी निघाला होता तो. वन्संना हे सांगून काही उपयोग नाही, त्यांना त्यागच आवडतो. पण मला आता तुमच्या फोटोकडे तोंड करून जेवता येतंय.

त्यानंतर मी मुद्दाम एकदा ऑटोनं जाऊन आले. खूप ब्रेक लागले. तुम्ही आला नाहीत. तिळाचा वास आला, पण तो माझ्याच हाताचा असेल, सध्या रोज कूट करतेय. छातीवर मात्र काही नव्हतं. घरी येऊन मी बराच वेळ गळ्याच्या हाडावर बोट ठेवून बसले. खरं सांगू? मला तो हात हवा आहे. तो काही कामाचा नाही, आणि मला तो हवा आहे.

पण उद्याचं वचन देते. समोर काहीही येवो, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतील. मुक्ताला पट्टा सांभाळेल, मला पट्टा सांभाळेल, आणि माझा डावा हात जागचा हलला तर मुक्ता तो चापट मारून परत ठेवणार आहे, असं आमचं ठरलंय. धुकं ओसरल्याशिवाय निघणार नाही. मुरथल गेलं की तिळगूळ तोंडात टाकेन, आधी नाही. स्मारकापुढे तुमच्या नावाची एक वडी ठेवेन, आणि तुमचे मित्र नवे बोल्ट बघून नाकं मुरडायला लागले की त्यांनाही गोड बोलायला सांगेन.

आणि तुम्ही यायचं म्हणाल, तर जरूर या. पण पुढे नाही, मागे बसायचं. तुमच्या मागच्या पट्ट्याखाली पत्रा नवा आहे, पट्टी जाड आहे, बोल्ट मुक्तानं स्वतः आवळलाय. बसल्या बसल्या तो लावायचा, खुब्याच्या हाडांवरून. तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते: हा नियम म्हाळसेला आणि तिच्यातल्या सर्वांना पूर्वलक्षी प्रभावानं लागू करण्यात येत आहे. त्या धुक्यातल्या सकाळपासून.

तुमचीच,
शैला